जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरचे मोल

कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथील कोल्ट कारखान्यात तयार झालेले आणि 1873 साली अमेरिकन लष्कराने स्वीकारलेले ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ हे सहाबारी रिव्हॉल्व्हर तसे दुर्मीळ नाही. 1940 च्या सुमारास त्याची पहिली पिढी संपली तेव्हा साडेतीन लाखांहून अधिक नग कारखान्याबाहेर पडलेले होते. प्रत्येक बारासाठी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा आणि चापाने तो केवळ सोडायचा, ही ‘सिंगल ॲक्शन’ची साधी रचना या सर्व नगांत एकच आहे, आणि तरीही वरवर जुळ्या दिसणाऱ्या दोन नगांपैकी एकाची किंमत दुसऱ्याच्या कित्येक पट असू शकते. कारखान्यातून निघताना शस्त्र जसे होते तसे आज किती उरले आहे, आणि मधल्या काळाविषयी जे सांगितले जाते त्याला पुरावा काय, या दोन गोष्टींसाठीच संग्राहक पैसे मोजतो.

पहिली पारख पृष्ठभागाची. नळी आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसे बसवण्याचा फिरता गोल भाग, यांवर ‘ब्लूइंग’ केलेले असे, म्हणजे पोलादावर मुद्दाम निळसर काळा थर आणलेला असे. चौकट मात्र हाडे व कोळसा यांच्यात पुरून तापवली जाई आणि तशीच पाण्यात बुडवली जाई, त्यामुळे तिची बाहेरची पातळ कड कठीण होऊन तीवर निळे, तपकिरी आणि गवती पिवळे रंग ढगांसारखे पसरत. हे रंग उजेडाने आणि हाताळणीने उडून जातात, म्हणून मूळ झिलई किती टक्के शिल्लक आहे हा मूल्यांकनातला कळीचा आकडा ठरतो. नव्याने झिलई चढवली म्हणजे हा आकडा वाढतो, असा वारसदारांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याने बरेचसे मोल नाहीसे होते. भिंगाखाली हे लपत नाही, कारण घासण्याच्या चाकाने चौकटीच्या धारदार कडा गोलावतात, स्क्रूच्या छिद्रांचे काठ बशीसारखे खोलगट होतात आणि नळीवरच्या पत्त्याची अक्षरे उथळ व पुसट दिसू लागतात. प्रामाणिकपणे झिजलेले, करडे पडलेले रिव्हॉल्व्हर अशा चकचकीत नगापेक्षा अधिक आदराला पात्र आहे आणि जाणकारांच्या बाजारातही ते तसेच मानले जाते.

त्यानंतर अनुक्रमांक पाहिले जातात. चौकट, चापाभोवतीचे कडे आणि मुठीची मागची पट्टी यांवर तोच क्रमांक ठोकलेला असे, आणि तो सर्वत्र जुळला तर सुटे भाग बदललेले नाहीत असे मानायला आधार मिळतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. लष्कराने 1890 च्या दशकाच्या मध्यापासून घोडदळाच्या साडेसात इंची नळ्या कापून साडेपाच इंची करवून घेतल्या. हे काम पुढे बरेच वाढले तेव्हा नग सुटे करून, क्रमांकांची फिकीर न करता पुन्हा जोडले गेले. या ‘आर्टिलरी’ प्रकारातील बहुतेक नगांत विजोड क्रमांक अपेक्षितच असतात, त्यामुळे एरवी दोष ठरणारी गोष्ट येथे खरेपणाची खूण ठरते, आणि नियम पाठ असणे व इतिहास ठाऊक असणे यांतला फरक येथे उघड होतो. लष्करी तपासनिसांच्या आद्याक्षरांचेही तसेच आहे: ऑरव्हिल एन्सवर्थ याची ‘ओ. डब्ल्यू. ए.’ ही मुद्रा असलेले नग जून 1876 मधील लिटल बिगहॉर्नच्या लढाईत सातव्या घोडदळाकडे असलेल्या शस्त्रांच्या काळातले असल्यामुळे अतिशय महाग जातात, आणि म्हणूनच खोट्या मुद्राही सर्वाधिक याच ठिकाणी ठोकल्या जातात.

कायद्याचाही किमतीवर परिणाम होतो. अमेरिकेच्या 1968 च्या संघीय कायद्यानुसार 1898 पर्यंत बनलेले शस्त्र ‘पुरातन’ धरले जाते आणि त्याच्या खरेदी-विक्रीवरील निर्बंध सैल असतात, त्यामुळे त्या वर्षाच्या अलीकडचा आणि पलीकडचा नग यांच्या मागणीत फरक पडतो.

कोल्टच्या अभिलेखागाराकडून, शुल्क भरल्यावर, जुन्या वह्यांच्या आधारे नगाचा पाठवणीचा दिनांक, नळीची लांबी, झिलई आणि तो कोणाकडे गेला यांची माहिती देणारे पत्र मिळते. मात्र हे पत्र त्या क्रमांकाविषयी बोलते, हातातल्या वस्तूविषयी नव्हे. पत्रात साडेसात इंची नळी आणि हातात साडेपाच इंची असेल, तर खुलासा वस्तूच्या मालकाने करायचा असतो.

कागदपत्रांचे वजन किती, हे ऑगस्ट 2021 मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात दिसले. शेरीफ पॅट गॅरेटने जुलै 1881 मध्ये कुख्यात गुन्हेगार बिली द किडला ज्या कोल्टने ठार केले, ते याच ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ प्रकारातले रिव्हॉल्व्हर तेथे 60 लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. लिलावापूर्वीचा अंदाज 20 ते 30 लाखांचा होता. त्या नगाची झिलई या किमतीचे कारण नव्हती. ते गॅरेटकडून पुढे कोणाकोणाच्या हाती गेले याची साखळी शाबूत होती. म्हणून ज्याच्याकडे असे वडिलोपार्जित शस्त्र आले असेल, त्याने ते घासूपुसू नये, स्क्रूंना हात लावू नये आणि त्यासोबतचे प्रत्येक पत्र, पावती व छायाचित्र जपून ठेवून मगच जाणकाराकडे जावे.