झिजावं ते टोकानं

हत्यारघर : लेखांक १४

गेल्या लेखांकात आपण कॉम्प्रेसरपासून नळीपर्यंत हवेचा प्रवास पाहिला. आज त्या नळीला लागणारा एअर हॅमर, आणि खरं तर त्याच्याही तोंडाशी बसणारा एक पितळी तुकडा. एअर हॅमरसोबत मिळणाऱ्या पेटीत चपटी छिन्नी, पत्रा कापायचं पातं, टोकदार पंच असं बरंच काही असतं आणि सगळं पोलादी असतं. मऊ धातूचा पंच त्यात सहसा नसतो. तो वेगळा विकत घ्यावा लागतो किंवा टर्नरकडून करून घ्यावा लागतो, म्हणून पुष्कळ गॅरेजांत तो नसतोच. ज्या गॅरेजात एअर हॅमर आहे तिथे तो असलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. त्याची कारणं एका रोजच्या कामातून सांगतो.

ट्रकच्या चाकाचा हब घ्या. त्यात टेपर रोलर बेअरिंग असतं. रोलरांसकट आतला भाग म्हणजे कोन. तो सहज निघतो. बाहेरची कडी म्हणजे कप. ती हबच्या बिडात घट्ट दाबून बसवलेली असते. बेअरिंग बदलायचं तर कपही बदलायचा, कारण जुन्या कपात नवा कोन घातला तर नवे रोलर जुन्या खड्ड्यांवरून फिरतात. बऱ्याच हबांत कपाच्या मागे समोरासमोर दोन खाचा ठेवलेल्या असतात. तिथून पंच आत घालायचा, थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला ठोकायचं आणि कप तिरका होऊ न देता बाहेर काढायचा.

पोलादी छिन्नीने हे काम होतं, लवकर होतं. पण छिन्नी घसरली की हबच्या ज्या भिंतीला नवा कप टेकायचा, नेमका तिथे चरा पडतो. चऱ्याची कड वर उठते, नवा कप त्या उंचवट्यावर अडतो आणि नीट टेकत नाही. रोलरांवरचा भार सारखा वाटला जात नाही, बेअरिंग तापतं आणि गाडी काही महिन्यांत परत येते. दोष बेअरिंगच्या कंपनीला दिला जातो. याहून मोठा धोका माणसाला आहे. कपाचं पोलाद अतिशय कडक आणि ठिसूळ, छिन्नीही कडक. दोन कडक धातू एकमेकांवर आदळले की कपची उडते, आणि ती कुठे जाईल हे कोणाच्या हातात नसतं. गॉगल लावायलाच हवा, पण कपची उडणारच नाही अशी व्यवस्था करणं हे त्याच्याही आधीचं काम आहे.

कडकपणा आकड्यांत सांगता यावा यासाठी स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० साली एक पद्धत जगापुढे ठेवली. कडक पोलादाची १० मिलिमीटर व्यासाची गोळी ३००० किलो भाराने धातूवर दाबायची आणि उमटलेली खळी मोजायची. मऊ धातूंसाठी भार कमी घ्यायचा. या मापात बेअरिंगचं पोलाद ६५०च्या घरात येतं, बिडाचा हब २००च्या आसपास आणि पितळ, त्याच्या जातीप्रमाणे, ६० ते १५०. म्हणजे पितळ कपाहून मऊ आहेच, हबहूनही मऊ आहे. ठोका चुकला तर खूण पितळावर उमटते. हजारो रुपयांचा हब शाबूत राहतो आणि थोड्या रुपयांचा तुकडा झिजतो. या पंचाची सगळी किंमत या एका गोष्टीत आहे.

पितळी रॉड आणि हातोडी ही जोडी जुन्या मिस्त्रींना माहीत आहेच. मग तोच रॉड एअर हॅमरमध्ये का घालू नये? त्यासाठी हॅमरच्या आत काय चालतं ते पाहावं लागेल. नळकांड्यात एक दट्ट्या हवेच्या दाबाने पुढे धावतो, हत्याराच्या मागच्या टोकावर आदळतो, मागे येतो आणि परत धावतो. गॅरेजातल्या नेहमीच्या हॅमरमध्ये हत्याराचा दांडा ०.४०१ इंचाचा, म्हणजे सुमारे १०.२ मिलिमीटरचा असतो. हा दांडा पितळी असेल तर दट्ट्याच्या माराने त्याचं मागचं टोक पसरतं आणि नळकांड्याच्या तोंडात अडकून बसतं. मग तो दांडा काढण्यातच दुपार जाते. हत्याराला मागच्या बाजूने कडकपणा हवा आणि पुढच्या बाजूने मऊपणा; एका धातूत दोन्ही मिळत नाहीत. म्हणून दांडा कडक केलेल्या पोलादाचा ठेवायचा आणि पुढे बदलता येणारं मऊ टोक आट्यांनी बसवायचं. दांडा वर्षानुवर्षं चालतो, टोकं येतात-जातात.

आता ठोक्याचा हिशोब. १९ मिलिमीटर बोअर आणि गॅरेजात ज्याला ९० पीएसआय म्हणतात तो दाब धरला, तर दट्ट्यावर जोर येतो साधारण १७५ न्यूटन, म्हणजे १८ किलो वजनाइतका. दट्ट्याची धाव ६५ मिलिमीटर धरू. एका ठोक्याची ऊर्जा फार तर ११ जूल निघते; गळती आणि घर्षण वजा केलं की त्याहून कमी. एक किलोची हातोडी सेकंदाला ५ मीटर वेगाने आली तर तिच्या घावात साडेबारा जूल असतात. हवेचा एक ठोका हाताच्या घावाहून जोरकस नसतो, हे अनेकांना खरं वाटत नाही. पण हे हॅमर मिनिटाला दोन-तीन हजार ठोके देतात, तेही एकाच जागी आणि एकाच रेषेत. गंजाने धरलेली पिन किंवा कप त्या सततच्या थरथरीने सुटत जातो. म्हणूनच मऊ टोक इथे चालतं. प्रत्येक ठोका बेताचा असल्यामुळे पितळ लगेच चेपत नाही आणि काम मात्र होत राहतं. मोठ्या घणाखाली हाच तुकडा काही घावांत पसरला असता.

कोणता मऊ धातू घ्यायचा, या प्रश्नावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इथे चुकीचा माल सर्रास वापरला जातो. ठोका दांड्यातून लाटेसारखा पुढे जातो. दांडा संपून दुसरा धातू सुरू होतो तिथे लाटेचा काही भाग मागे परततो. किती परततो हे दोन्ही धातूंच्या घनतेवर आणि त्यांच्यातल्या ध्वनीच्या वेगावर अवलंबून असतं. जाडी सारखी धरली तर पोलादातून पितळात जाताना एका सांध्यावर जेमतेम दोन टक्के ऊर्जा परतते, ॲल्युमिनियममध्ये जाताना वीस टक्क्यांहून जास्त. टोक आखूड असलं की प्रत्यक्षातला फरक कमी होतो, तरी दिशा तीच राहते. ॲल्युमिनियमचं टोक हलकं असतं, पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियम हाउसिंगवर ते ओरखडा कमी पाडतं आणि तेवढ्यासाठी एक जवळ असावं. पण गंजलेल्या लोखंडावर ते चालवू नये. गंज म्हणजे लोहाचा ऑक्साइड. जोराच्या घर्षणात ॲल्युमिनियम त्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि फार तापलेली ठिणगी उडते. कोळशाच्या खाणींत हलक्या धातूंच्या वापरावर बंधनं आहेत ती याच कारणाने. पेट्रोलच्या टाकीजवळ काम करणाऱ्याने हे पक्कं लक्षात ठेवावं.

तांबं फार मऊ, लवकर पसरतं. नाजूक कामाला ठीक. राहिलं पितळ, आणि त्यातही जात पाहावी लागते. बाजारात सहज मिळतो तो लेथवर सुटसुटीत कापला जाणारा रॉड, भारतीय मानक आयएस ३१९ मधला. जामनगरच्या कारखान्यांतून निघणारे असंख्य पितळी पार्ट अशाच जातीच्या रॉडमधून कातले जातात. त्यात मुद्दाम दोन-तीन टक्के शिसं घातलेलं असतं, म्हणजे कातताना कीस तुटून पडतो. कातायला हा गुण छान, पण ठोके खायला तितका छान नाही: शिशाच्या बारीक कणांमुळे पितळ कमी ताणलं जातं आणि पसरलेल्या कडेला चिरा लवकर येतात. चालतं, स्वस्त पडतं, पण कडेवर लक्ष ठेवावं लागतं आणि जेवायच्या आधी हात साबणाने धुवावे लागतात. जास्त टिकाऊ टोक हवं असेल तर फॉस्फर ब्राँझचा रॉड मागा. महाग आहे, पण चिवट आहे.

टर्नरला काम देताना सांगायच्या गोष्टी थोड्या, पण नेमक्या आहेत. दांड्याच्या पुढे आट्यांची खुंटी असावी आणि टोकात तिच्या मापाचं भोक. टोक आवळल्यावर त्याचा मागचा सपाट चेहरा दांड्याच्या खांद्याला पूर्ण टेकला पाहिजे. ठोका या सपाट भागातून जायला हवा. आट्यांचं काम फक्त टोक पडू न देण्याचं. भोक खुंटीपेक्षा थोडं खोल ठेवायला सांगा. खुंटी आधी तळाला टेकली तर सगळा मार तिच्या टोकातून पितळाच्या पोटात जातो आणि टोक आतून फाटतं. टोकाच्या बाजूंना पाना बसेल असे दोन सपाट भाग हवेत, कारण थरथरीने आटे सैल होतात आणि दर वेळी आवळून घ्यावे लागतात. लांबी आखूडच बरी. लांब, बारीक पितळ वाकतं.

वापरताना पितळात एक बदल होतो तो पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ठोकत गेलं की तांबं-पितळ कडक होत जातं, आणि भट्टीत तापवलं की पुन्हा नरम पडतं. आपलं टोकही काही दिवसांच्या कामाने कडक होतं. ते कपाइतकं कडक कधीच होणार नाही, पण ठिसूळपणाकडे झुकतं. तेव्हा ते दांड्यावरून उतरवून, सावलीत जेमतेम मंद लाल दिसेल इतकं तापवावं आणि गार होऊ द्यावं. दांड्यासकट कधीच तापवू नका, पोलादाचं पाणी उतरेल. पांढरा धूर दिसू लागला तर उष्णता फार झाली: जस्त जळायला लागलं आहे.

ठोकलेल्या पितळात ताण दबून राहतो, आणि त्याचा एक धडा याच देशात मिळाला. ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि काडतुसाच्या पितळात घडवताना राहिलेला ताण, या तिघांमुळे चिरा पडत हे १९२१ साली स्पष्ट झालं. त्यावर उपाय निघाला तो हलकं तापवून ताण काढण्याचा. आपल्या टोकालाही तो लागू पडतो, आणि अमोनिया असलेल्या सफाईच्या द्रावणात ते भिजत ठेवू नये.

हा पंच काढायच्या कामाचा आहे, बसवायच्या कामाचा नाही. नवं बेअरिंग बसवताना पितळाचा एखादा कण तुटून रोलरांमध्ये गेला तर सगळी काळजी वाया. नवा कप प्रेसने किंवा योग्य मापाच्या कडीने बसवावा. जुना काढून झाल्यावर हब कापडाने आणि हवेने नीट साफ करावा, गॉगल न काढता.

हवेत हॅमर चालवून पाहायची सवय सोडा. पुढे टेकायला काही नसलं की सगळा मार धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगवर येतो, स्प्रिंग तुटते आणि हत्यार सुटून उडतं. आधी टोक कामावर टेकवायचं, मग ट्रिगर. आणि हे काम एकाच माणसाला दिवसभर देऊ नये. १९१८ साली डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियानातल्या बेडफर्डच्या दगडखाणींतल्या, हवेचे हातोडे चालवणाऱ्या पाथरवटांची तपासणी केली. थंडीत त्यांची बोटं पांढरी पडत, बधिर होत. हत्याराच्या थरथरीने बोटांचा रक्तपुरवठा बिघडलेला होता. शंभर वर्षांनंतरही आपल्या गॅरेजांत या दुखण्याला कोणी नाव देत नाही, याचं मला वाईट वाटतं. हातमोजे घाला, मूठ गरजेपुरतीच आवळा, मध्ये थांबा आणि कानात प्लग ठेवा.

टोकाची कड छत्रीसारखी पसरली की ती कानशीने किंवा लेथवर काढून टाका. ग्राइंडरच्या दगडावर घासू नका, पितळाने दगडाची भोकं भरतात आणि तो पोलाद कापेनासा होतो. टोक झिजत झिजत आतल्या भोकाच्या तळापासून पाच-सहा मिलिमीटरवर आलं की बदला, नाही तर पोलादी खुंटी पितळ फोडून बाहेर येईल आणि ज्या चऱ्यापासून हब वाचवायचा तोच पडेल. जुनी टोकं वेगळ्या डब्यात जमवा. भंगारवाला पितळाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव देतो.

पुढील लेखांकात : टॉर्क पाना आणि त्याची तपासणी.