वजन कमी करण्याचं ऑपरेशन करायचंय? खरी तयारी घरीच सुरू होते

साक्री : भाजपचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी 2011 मध्ये मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा या ऑपरेशनची राज्यभर चर्चा झाली. ‘एकदा पोट कापलं की झालं’ असा समज मात्र अजूनही आहे. प्रत्यक्षात ऑपरेशन दोन-तीन तासांचं, तयारी काही आठवड्यांची आणि पथ्य जन्मभराचं असतं.

ऑपरेशन कोणासाठी?

वजन (किलो) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग म्हणजे बीएमआय. भारतीय तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार बीएमआय 37.5 च्या पुढे असेल, किंवा 32.5 च्या पुढे असून डायबेटिस, बीपीसारखा आजार असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो. उंची 160 सेंमी असेल तर 96 किलोला बीएमआय 37.5 येतो आणि सुमारे 83 किलोला 32.5. आधी आहार, व्यायाम, औषधं करून पाहिलेली असावीत. लठ्ठपणा हा आजार आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दोन आठवड्यांचं पथ्य कशासाठी?

जाड माणसाच्या लिव्हरमध्ये चरबी साठून ते मोठं होतं. ते जठराच्या वर असतं. दुर्बिणीने ऑपरेशन करताना डॉक्टरांना ते उचलून धरावं लागतं. म्हणून बहुतेक ठिकाणी साधारण दोन आठवडे आधी कमी कॅलरीचा, जास्त प्रथिनांचा, बराचसा पातळ आहार देतात. त्याने लिव्हर आकसतं, जागा मोकळी होते. या दिवसांत लग्नात जाऊन चोरून मांडे अन् शेवभाजी खाल्ली, तर नुकसान स्वतःचंच.

2017 मध्ये सुमारे 500 किलो वजनाच्या इजिप्तच्या महिलेला मुंबईत आणलं, तेव्हाही लगेच ऑपरेशन झालं नाही. ती फेब्रुवारीत आली, पातळ आहारावर आधी वजन उतरवलं आणि 7 मार्चला ऑपरेशन झालं.

आधी काय काय करायचं?

- रक्त, साखर, थायरॉइड, बी-12, डी जीवनसत्त्व, ईसीजी, सोनोग्राफी, गरजेप्रमाणे एंडोस्कोपी. खूप घोरत असाल तर झोपेची तपासणीही लागते.
- बिडी-सिगारेट किमान सहा आठवडे आधी बंद. तंबाखू, गुटखा, मिश्रीही सोडा. जखम भरायला त्रास होतो.
- चालू गोळ्या, काढे, पावडरी सगळं डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या आणि साखरेच्या गोळ्या मनाने बंद करू नका.
- आतापासूनच लहान घास, खूप चावणं आणि जेवताना पाणी न पिणं याची सवय लावा.

वेळ आणि पैसा

स्लीव्ह प्रकारच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात, तो परत बसवता येत नाही. नंतर काही आठवडे जड ओझं उचलायचं नसतं, म्हणून कांदा काढणीच्या तोंडावर तारीख घेऊ नये. तपासणीसाठी नाशिक, सुरत किंवा मुंबईच्या फेऱ्या पुढेही कराव्या लागतात, जीवनसत्त्वाच्या गोळ्या कायम लागतात. महिलांनी वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळायचं असतं.

विमा असेल तर पॉलिसी आधी वाचा. विमा नियामकाच्या नियमात वय 18 पूर्ण आणि बीएमआय 40, किंवा 35 सोबत गंभीर हृदयरोग, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार किंवा आटोक्यात न येणारा डायबेटिस, अशी अट आहे. म्हणजे डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं तरी विमा मिळेलच असं नाही. सरकारी योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा आणि पूर्ण खर्च लेखी घ्या.

घरात स्वयंपाक जो कोणी करतो, त्यालाही पहिल्या भेटीला सोबत न्या. ऑपरेशननंतरचं पथ्य त्याच चुलीवर शिजणार आहे.