दुखत नसली तरी गाठ दाखवा

टी पेशींनी स्तनाचा कर्करोग बरा होतो का, असे वारज्यातील वस्त्यांत आम्हाला विचारले जाते. टी पेशी म्हणजे रोगाशी लढणारे शरीरातील सैनिक. अमेरिकेत डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या पथकाने गाठीतून या पेशी काढल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि रुग्णांना परत दिल्या. आजार अंगात पसरलेल्या सहांपैकी तिघींच्या गाठी आकसल्या, एकीच्या पूर्ण गेल्या. पण हा अजून प्रयोगच आहे.

आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाच्या टी पेशी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तीही रक्ताच्या काही कर्करोगांसाठी. म्हणून स्तनाच्या कर्करोगावर हाच इलाज म्हणून कोणी पैसे मागितले तर फसू नका. ऐकलेले पारखून घ्या, हीच तथागतांची शिकवण.

मुंबईच्या वस्त्यांत टाटाच्या प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या बायकांचे या आजाराने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून लाजू नका, लगेच दाखवा. उपचारांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.