उन्हाळा, जुना ॲम्प्लिफायर आणि परत येणारं गिऱ्हाईक

जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचं दुकान सोलापुरात काढायचं असेल, तर सोल्डरिंगइतकंच ऊन समजून घ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला सहज जातो आणि लग्नसराईही तेव्हाच असते. म्हणजे सेट सगळ्यात जास्त वाजणार ते नेमके भाजून काढणाऱ्या दिवसांत. तुम्ही बदललेला ट्रान्झिस्टर पंधरा दिवसांत परत उडाला, तर गिऱ्हाईक भांडायलाही येत नाही. ते सरळ दुसऱ्या दुकानात जातं.

आहुजा, कॉस्मिक, सोनोडाइन, फिलिप्स, असे बरेच जुने सेट बाकावर येतील. त्या काळातल्या कित्येक सेटमध्ये २एन३०५५ हा धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर दिसतो. त्याच्या आतल्या सिलिकॉनची मर्यादा २०० अंश. ऐकायला भरपूर वाटते ना? जरा हिशेब करू.

समजा एका ट्रान्झिस्टरमध्ये ३० वॅट उष्णता तयार होते. सिलिकॉनपासून टोपीपर्यंत दर वॅटला सुमारे दीड अंश वाढ. मायका आणि पेस्टमध्ये अर्धा अंश, हीटसिंकवर समजा दोन. एकूण चार, गुणिले ३०, म्हणजे १२० अंश. खोलीत २५ अंश असतील तर आतलं तापमान १४५. सोलापुरातल्या ४३ ला १६३. सेट बंद शोकेसमध्ये, भोवतालची हवा अजून २० अंश गरम: १८३. आणि वीस वर्षांची पेस्ट वाळून पावडर झालेली असेल, तर अजून १५. झाले १९८! ट्रान्झिस्टर खराब नव्हताच, त्याला श्वास घ्यायला जागा नव्हती. त्यात बाजारातला डुप्लिकेट २एन३०५५ टाकला, ज्यात आतला तुकडाच लहान असतो, तर तो त्याआधीच जाणार.

गिऱ्हाईक म्हणतं, "फुल कधी केलाच नाही हो." खरं सांगतंय ते. अशा सेटमध्ये सगळ्यात जास्त उष्णता फुल आवाजाला नाही, पूर्ण ताकदीच्या साधारण ४० टक्क्यांवर तयार होते.

आता एक गोष्ट फार जण सोडतात. सिलिकॉन तापला की त्याच करंटसाठी त्याला कमी व्होल्टेज पुरतं, दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट. व्होल्टेज तेवढंच ठेवलं तर करंट वाढतो, करंट वाढला की अजून तापतो. हे चक्र थांबवायला बायसचा डायोड किंवा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला चिकटवलेला असतो. आधीच्या मेकॅनिकने तो काढून लोंबता ठेवला असेल, तर तुम्ही कितीही भारी पार्ट टाका, काही उपयोग नाही. सेट उघडल्यावर पहिली नजर तिकडे.

मग जुनी पेस्ट पुसून नवीन लावायची, पण पातळ. जाड थर उलट उष्णता अडवतो. हीटसिंकच्या पात्यांमध्ये ब्रश फिरवा. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडच्या यंत्रमागाच्या शेडमधून आलेल्या सेटमध्ये सुताचे तंतू नमद्यासारखे बसलेले असू शकतात. घरगुती सेट असेल तर तो कुठे ठेवलाय त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. वरच्या जाळीवर चादरीची घडी दिसली, तर अर्धं निदान तिथेच झालं. (आपल्या चादरीवर आपला जीव, पण ॲम्प्लिफायरला थंडी वाजत नाही.) जागा बदलता येत नसेल तर १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा ७ व्होल्टवर चालवा. आवाज जवळजवळ येत नाही.

सुरक्षेचं: या ट्रान्झिस्टरची टोपी हाच कलेक्टर, तिच्यावर सप्लायचं व्होल्टेज असतं. चालू सेटमध्ये बोट लावून गरम आहे का बघू नका. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सेट सिरीज बल्बवरच चालू करा.

इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, पण चकचकीत धातूवर तो खूप कमी आकडा दाखवतो. वीज बंद असताना काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि मग त्यावर मोजा.

या कामाचे पैसे बिलात वेगळे लिहा: "उष्णता तपासणी, पेस्ट, सफाई". नुसता "ट्रान्झिस्टर बदलला" लिहिलंत, तर गिऱ्हाईक बाजारातल्या पार्टच्या किमतीशी तुलना करणारच. खाली दोन आकडे टाका, दुकानातलं तापमान आणि दोन तास वाजवल्यावर हीटसिंकचं. आणि ही टेस्ट सकाळी दहाला नको, दुपारी दोनला घ्या, पत्र्याखाली.