युद्धाचे देणे कोण फेडतो?

कोठी हा शब्द कानी पडला की आपल्या शेतकरी कुटुंबांना धान्याची कोठी आठवते. हैदराबाद शहरात मात्र त्या नावाचा एक गजबजलेला मोहल्ला आहे. इंग्रज रेसिडेंटासाठी तेथे बांधलेल्या भव्य वाड्याला लोक कोठी म्हणत, आणि तेच नाव पुढे वस्तीलाही पडले. त्या वाड्याची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत ती त्याच्या उंच खांबांचे कौतुक करण्यासाठी नव्हे. लढाया आणि फौजा यांचे देणे अखेर कोणाच्या दारात येते, हे समजण्यास इतका जवळचा दाखला आम्हांस दुसरा ठाऊक नाही.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा येथे १७९५ साली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. इंग्रज त्या वेळी तटस्थ राहिले. भयभीत झालेल्या निजामाने तीनच वर्षांत, म्हणजे १७९८ साली, त्याच इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. सहा पलटणी मिळाल्या आणि त्यांच्यापोटी वर्षाला २४,१७,१०० रुपये देण्याचे ठरले. १८०० साली फौज वाढली व तिच्या खर्चासाठी, म्हैसूरच्या युद्धांत वाट्यास आलेला बळ्ळारी-कडप्याकडील मुलूख निजामाला इंग्रजांच्या हवाली करावा लागला. हा करार घडवून आणणारा रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक यानेच कोठीचा वाडा बांधविला.

येथेच हे थांबते तर बरे होते. परंतु तैनाती फौजेखेरीज 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची आणखी एक फौज उभी राहिली. अंमल इंग्रज अधिकाऱ्यांचा, पगार निजामाचा. १८१७-१८ च्या पेंढारी व मराठा युद्धांत ती इंग्रजांच्या कामी आली. लढाई संपली, फौज राहिली, आणि तिचा पगारही राहिला. तो भागविण्यासाठी विल्यम पामर यांच्या पेढीकडून जबर व्याजाने कर्ज काढण्यात आले. ते फेडण्याकरिता इंग्रजांकडून दरसाल मिळणाऱ्या सात लाखांच्या पेशकशीवर निजामाला कायमचे पाणी सोडावे लागले. तरीही पगार थकतच गेला. शेवटी २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब हे प्रांत इंग्रजांकडे लावून द्यावे लागले. धाराशिव आणि रायचूर १८६० साली परत मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ साली ते वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने देण्यात आले. अमरावती-अकोल्याच्या ज्या कुणब्याने या फौजेकडे कधी संरक्षण मागितले नव्हते, त्याचे शेत तिच्या पगारापायी गहाण पडले!

आणि एवढे मोल देऊन शांतता तरी लाभली काय? मुळीच नाही. पैशाची निकड भागविण्यासाठी तालुक्यांचा महसूल मक्त्याने दिला जाई आणि मक्तेदार रयतेला पिळून काढी. कर्ज देणाऱ्या अरब व रोहिला शिपायांच्या हाती गावेच्या गावे गेली. सीमेवरच्या शत्रूच्या भयाने फौज ठेवली. परंतु रयतेची झोप उडाली ती घरच्याच वसुलीदारांमुळे.

वाचक म्हणतील, या राजेरजवाड्यांच्या गोष्टी झाल्या. तर मग आपल्या आठवणीतील गोष्ट पाहू. इराण-इराक युद्ध १९८० पासून १९८८ पर्यंत, आठ वर्षे चालले. त्यात इराक कर्जात बुडाला, आणि त्याच्या सावकारांपैकी एक होता शेजारचा कुवेत. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने त्या सावकारालाच गिळले! लांबलेले युद्ध असे दुसऱ्या युद्धाला जन्म देते. सुमारे १,७०,००० भारतीयांना तेथून परत आणावे लागले, तेल महागले, आणि आधीच नाजूक असलेली आपली परकीय चलनाची गंगाजळी आटली. जुलै १९९१ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण टाकावे लागले. १८५३ साली प्रांत गहाण पडला, १९९१ साली सोने.

युक्रेनमध्ये २४ फेब्रुवारी २०२२ रोजी पेटलेल्या युद्धाची झळही आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. सूर्यफुलाचे तेल महागले. युरियाची गोणी दुकानात महागली नाही, म्हणून आपण सुटलो असे कोणी समजू नये. २०२२-२३ साली खतांवरील सरकारी अनुदान अडीच लाख कोटी रुपयांवर, म्हणजे मूळ तरतुदीच्या दुपटीहून वर गेले. ते पैसे आपल्याच करांतून गेले. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा नाशिकची द्राक्षे आफ्रिकेला वळसा घालून युरोपला धाडावी लागली. नाशवंत मालाच्या प्रवासात वाढलेला एकेक दिवस काय करतो, हे बागाईतदारास सांगावयास नको.

पैसा जातो तो कष्टाने पुन्हा मिळविता येतो. माणूस येत नाही. २०२४ साली हैदराबादचाच एक तरुण त्या दूरच्या युद्धात रशियाच्या बाजूने मारला गेला. साध्या नोकरीच्या आमिषाने असे कित्येक भारतीय तरुण तेथे नेले गेले होते. म्हणून आईबापांना आमचे कळकळीचे सांगणे आहे: परदेशी नोकरीचा दलाल दारी आला, तर तो नोंदणीकृत आहे काय, याची सरकारकडे चौकशी केल्याविना आणि करारपत्र जाणत्या माणसाकडून वाचवून घेतल्याविना मुलाचा पासपोर्ट त्याच्या हाती देऊ नका.

अन्यायी आक्रमणापासून स्वतःचे रक्षण करण्याचा राष्ट्रांचा हक्क ख्रिस्तसभा नाकारीत नाही. परंतु युद्धावर निघण्यापूर्वी खाली बसून विचार करणाऱ्या राजाचा दृष्टान्त प्रभूने सांगितला आहे, तो लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात घरोघरी वाचावा. त्या राजाने आपले सैनिक मोजले. आजच्या राज्यकर्त्यांनी त्यांच्याबरोबर रयतेची चूलही मोजावी. पोप सहावे पॉल डिसेंबर १९६४ मध्ये युखारिस्तिक परिषदेसाठी मुंबईस आले असता, शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग तरी जगातील गरिबांसाठी काढून ठेवावा, असे आवाहन त्यांनी राष्ट्रांना याच भूमीवरून केले होते. पोप फ्रान्सिस यांनीही २०२० साली आपल्या परिपत्रकात तीच मागणी केली. एवढ्या वर्षांनंतर ती पुन्हा करावी लागते, यातच जगाची स्थिती दिसून येते.

ती मान्य करणे आपल्या हाती नाही. मात्र रोजच्या रोझरीतील एक दशक शांततेसाठी अर्पण करणे, आणि युद्धाच्या बातम्या खेळातील हारजितीप्रमाणे न ऐकण्याची मुलांना सवय लावणे, हे प्रत्येक घराच्या हाती आहे. कोण जिंकले हे विचारण्याआधी, कोणाचे घर गहाण पडले, हे त्यांना विचारू द्या.