अडखळणाऱ्या जिभेचा नाटककार

उत्तर येत असूनही वर्गात उभं राहिल्यावर शब्द ओठांवरच अडकतात, असं तुमचं कधी झालंय? मग आर्नल्ड बेनेट तुमचा दोस्तच!

२७ मे १८६७ रोजी इंग्लंडमधल्या हॅन्ली या गावी तो जन्मला. चिनीमातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेला हा भाग. आर्नल्ड बोलताना अडखळायचा. हा तोतरेपणा जन्मभर गेलाच नाही. वडील वकील. त्यांच्या कचेरीत हा भाडेवसुलीसारखी कामं करी. एकविसाव्या वर्षी त्याने लंडन गाठलं आणि तिथल्या वकिलाकडे कारकून झाला. १८९१ मध्ये एका साप्ताहिकाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं अन् त्याला हुरूप आला. जीभ अडखळते ना? अडखळू दे, लेखणी तर धावते!

कादंबऱ्या लिहिता लिहिता त्याने १९०८ मध्ये दिवसाच्या चोवीस तासांवर एक छोटंसं पुस्तक लिहिलं. राजा असो वा रंक, रोज मिळणार चोवीसच तास. ते साठवता येत नाहीत, की उद्याचे आज उसने घेता येत नाहीत. पण गंमत पुढेच आहे. तो म्हणतो, एकदम मोठे संकल्प सोडू नका! आठवड्यातल्या तीनच संध्याकाळी दीड-दीड तास मन लावून काहीतरी शिका. (नव्या वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवून आठवड्यात विसरणाऱ्यांनो, ऐकताय ना?)

१९१२ मध्ये एडवर्ड नोब्लॉकबरोबर लिहिलेलं त्याचं ‘माइलस्टोन्स’ हे नाटक लंडनमध्ये गाजलं. सहाशेहून जास्त प्रयोग झाले! त्यात एक तरुण मोठ्यांशी भांडतो, की आता जहाजं लाकडाची नकोत, लोखंडाची हवीत. पंचवीस वर्षांनी पोलादाची जहाजं येऊ घातली, तेव्हा हाच गृहस्थ नाक मुरडतो. आहे की नाही घरोघरची गोष्ट?

१९३१ मध्ये बेनेट टायफॉइडने आजारी पडला. गाड्यांच्या खडखडाटाचा त्रास होऊ नये म्हणून त्याच्या घराजवळच्या रस्त्यावर पेंढा पसरला होता. २७ मार्चला तो गेला.

ज्याला स्वतःला धड बोलता येत नव्हतं, त्याची वाक्यं नट रंगमंचावर घडाघडा बोलत होते. तुमचं काय अडखळतंय? गणित, चित्रकला, की पोहणं? या आठवड्यातल्या तीन संध्याकाळी त्याला देऊन तर बघा!