शौचावाटे रक्त : लाज नको, तपासणी हवी

मिरचीसाठी प्रसिद्ध आपल्या नंदुरबारात शौचातून रक्त गेलं, की ‘तिखट बाधलं’ म्हणत आपण गप्प बसतो. आधी ही जागा समजून घेऊ. मोठ्या आतड्याच्या शेवटी १२ ते १५ सेंटिमीटरचं मलाशय, त्याखाली सुमारे ४ सेंटिमीटरचा गुदमार्ग. त्याभोवती स्नायूंची दोन कडी : आतलं आपोआप चालतं, बाहेरचं आपण आवळतो. संडास नसला की बाया अंधार पडेपर्यंत दाबून धरतात. तेवढ्यात मलातलं पाणी शोषलं जातं, खडा होतो, कातडी चिरते, ते दुखतं. पण गुदमार्गाच्या वरच्या भागाला वेदना कळत नाही. तिथली मूळव्याध न दुखता रक्त टाकते, कॅन्सरही तसंच. म्हणून आम्ही परिचारिका सांगतो : रक्त दिसलं, की जडीबुटीआधी सरकारी दवाखाना गाठा. बोटाची पहिली तपासणी मिनिटभराची असते, ताई.